ऑनलाइन प्रतिमा-आकारबदल

डिजिटल फोटोची लांबी-रुंदी किंवा फाइलचे वजन वेबसाइटवरच हव्या त्या कामाजोगे करून घेणे, याला प्रतिमा-आकारबदल म्हणतात. बोलीत नुसते ‘रिसाइज करणे’. नागपुरात बहुतेकांची याच्याशी गाठ पडते ती भरतीचा अर्ज भरताना. सीताबर्डीतल्या झेरॉक्सच्या दुकानात ‘भाऊ, फोटो ५० केबीत बसवून द्या ना’ असे सांगितले जाते, तेव्हा खरे तर दोन कामे मागितलेली असतात आणि ती वेगळी ओळखली नाहीत की अर्ज अडतो.

पहिले माप पिक्सेलचे, म्हणजे चित्र ज्यांनी बनते त्या बारीक रंगीत ठिपक्यांचे. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो साधारण ४००० × ३००० पिक्सेलचा असतो. दुसरे माप वजनाचे, म्हणजे केबी किंवा एमबी. पिक्सेल तेवढेच ठेवून वजन उतरवता येते, कारण १९९२ साली प्रमाणित झालेली जेपीईजी पद्धत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. टाकलेले परत येत नाही. म्हणून प्रत्येक वेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात करावी. एकदा दाबलेली फाइल पुन्हा दाबू नये.

क्रम आधी कातरणे, मग पिक्सेल बदलणे, शेवटी वजन, असाच असावा. आयबीपीएसच्या बँक भरतीत फोटोसाठी २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी अशी मापे दिली जात आली आहेत (अर्ज भरताना त्या वेळची जाहिरात पाहावीच). मोबाइलचा उभा फोटो न कातरता या चौकटीत कोंबला, तर चेहरा सुमारे १६ टक्क्यांनी रुंद दिसतो. घरच्यांनाही ओळखू येणार नाही असा फोटो परीक्षा केंद्रावर कशाला न्यायचा?

सहीचे प्रकरण जास्त नाजूक आहे. तिथे माप १४० × ६० पिक्सेल आणि वजन १० ते २० केबी. एवढ्या चौकटीत अवघे ८४०० पिक्सेल मावतात, त्यामुळे फाइल सहज ३-४ केबीवर येते आणि संकेतस्थळ ती ‘लहान’ म्हणून नाकारते. मुले मग वजन आणखी कमी करत बसतात. करायचे असते उलट: साइटवरची दर्जाची (‘क्वालिटी’ची) पट्टी शेवटापर्यंत वर न्यायची. कागदावर सावली पडू न देता काळ्या पेनाने सही करावी आणि फोटो शाईच्या कडेपर्यंत कातरावा. जास्त दाबलेली सही मोठी करून पाहिली, तर रेषेभोवती राखाडी मळ दिसतो. ते त्याच ८ × ८ चौकोनांचे काम.

छपाईला हिशेब बदलतो. ३५ × ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोला इंचाला ३०० पिक्सेल धरून ४१३ × ५३१ पिक्सेल लागतात. मारबतीच्या मिरवणुकीचा ४००० पिक्सेल रुंदीचा फोटो १० फुटी फ्लेक्सवर इंचाला जेमतेम ३३ पिक्सेल देतो, तरी रस्त्यापलीकडून तो छान दिसतो. व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने आलेला फोटो मात्र वाटेतच लहान झालेला असतो; फ्लेक्सवाल्याकडे मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. लहान फोटो वाढवताना संगणक शेजारच्या पिक्सेलांवरून मधले रंग अंदाजाने भरतो, त्यात हरवलेला तपशील उगवत नाही.

काही वेबसाइटी फाइल स्वतःच्या सर्व्हरवर नेतात. काही, उदाहरणार्थ स्क्वूश, सारे काम ब्राउझरमध्येच करतात. पान उघडल्यावर इंटरनेट बंद करून पाहावे: तरीही फोटो लहान झाला, तर तो आपल्याच यंत्रावर लहान झाला. आधार कार्ड किंवा सहीसाठी अशीच साइट निवडावी. आणि दुकानातल्या संगणकावर काम केले असेल, तर उठण्याआधी ‘डाउनलोड्स’मधली फाइल काढून रिसायकल बिनही रिकामा करून घ्यावा, दुकानदाराला तसे सांगण्यात संकोच नसावा.