खाडीच्या गाळात तांबं किती, आणि त्यातलं माणसाचं किती?

समजा, ठाणे खाडीच्या गाळात किलोमागे १३५ मिलिग्रॅम तांबं निघालं. हे जास्त का? तुलनेला काय धरलंत, त्यावर उत्तर ठरतं. मुंबईत घोळ होतो तो नेमका इथेच.

तुलनेचा सर्वांत प्रचलित तक्ता १९६१चा, ट्युरेकियन आणि वेडेपोल यांचा. त्यात सरासरी शेल (चिकणमाती घट्ट होऊन बनलेल्या) खडकातलं तांबं ४५, जस्त ९५, शिसं २० आणि निकेल ६८ मिलिग्रॅम प्रति किलो धरलं आहे. १९६९मध्ये म्युलर यांनी ऱ्हाइन नदीच्या गाळासाठी भू-संचय निर्देशांक, म्हणजे गाळात धातू नैसर्गिक प्रमाणापेक्षा किती साठला ते सांगणारा आकडा, मांडला. नमुन्यातल्या प्रमाणाला पार्श्वमूल्याच्या (प्रदूषणाआधीच्या नैसर्गिक प्रमाणाच्या) दीडपटीने भागायचं आणि भागाकाराचा २ या पायावरचा लॉग काढायचा. उत्तर शून्याखाली आलं तर गाळ स्वच्छ, पाचच्या वर गेलं तर अतितीव्र प्रदूषण. खडकातच मुळात थोडा कमीजास्तपणा असतो, तो या दीडपटीत सामावून घेतलेला आहे.

ऱ्हाइनला हे शोभतं. आपल्या खाड्यांत येणारी माती मात्र दख्खनच्या बेसॉल्टची, आणि या खडकात तांबं शेलच्या दुपटीहूनही जास्त असू शकतं. वरच्या १३५ला ४५ हे पार्श्वमूल्य लावलं की निर्देशांक बरोबर १ येतो, म्हणजे मध्यम प्रदूषणाचा उंबरठा. त्याच जागी खोल, कारखान्यांपूर्वीच्या थरात १२० सापडलं आणि तेच पार्श्वमूल्य धरलं, तर उत्तर उणे ०.४. नमुना तोच, निष्कर्ष उलटा. शिशाचं याच्या अगदी विरुद्ध. बेसॉल्टमध्ये ते नगण्य असतं, त्यामुळे शेलचं २० धरलं तर खरं प्रदूषण झाकलं जातं. आमच्या मते मुंबईसाठी शिसं हा तांब्यापेक्षा कितीतरी भरवशाचा साक्षीदार. देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं ते २०००च्या फेब्रुवारीत, त्यामुळे काळ ताडून पाहायलाही ते उपयोगी पडतं.

म्हणून पार्श्वमूल्य तक्त्यातून न उचलता गाभ्यातूनच, म्हणजे गाळाच्या थरांच्या उभ्या नमुन्यातूनच काढावं. ओहोटीला प्लास्टिकचा पाइप गाळात दाबायचा आणि उपसण्याआधी आतली व बाहेरची पातळी मोजून घ्यायची, कारण आतला गाळ दबून आखडतो आणि खोलीचा हिशेब चुकतो. मग एकेक-दोनदोन सेंटिमीटरच्या चकत्या. पाइप खाली जाताना वरचा चिखल भिंतीला चोपडत नेतो, म्हणून चकतीची बाहेरची कड प्लास्टिकच्या सुरीने काढून टाकायची. लोखंडी सुरी नकोच.

थरांचं वय काढायला शिसे-२१० हा शिशाचा किरणोत्सारी प्रकार वापरतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे शंभरेक वर्षांचा काळ हाती येतो. पडताळ्याला सीझियम-१३७ हा दुसरा किरणोत्सारी प्रकार : अणुचाचण्यांच्या धुळीचं शिखर १९६३च्या आसपास. योगायोग असा, की महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२चं, आणि ठाणे-बेलापूर पट्टाही त्याच दशकातला. गाभ्यातली ही खूण सापडली की कारखान्यांआधीचं आणि नंतरचं वेगळं करता येतं. मात्र किडे-खेकड्यांनी थर ढवळलेले नसले पाहिजेत. मिठी नदीत २००५च्या पुरानंतर गाळ उपसला गेला, त्या पट्ट्यातल्या गाभ्यावर तर तारखा लावूच नयेत.

धातू मुख्यतः चिकणकणांना धरून बसतात. म्हणून ६३ मायक्रॉनखालचा भाग तपासायचा, किंवा चिकणमातीचं प्रमाण दाखवणाऱ्या ॲल्युमिनियमशी धातूचं गुणोत्तर काढायचं. लोहाशी काढलेलं गुणोत्तर इथे फसवं ठरू शकतं. बेसॉल्टी मातीत लोह भरपूर असतंच, शिवाय ऑक्सिजन नसलेल्या थरात ते विरघळून वरखाली सरकतं.

सर्वांत जास्त फसवणूक होते ती मोजणीआधी गाळ ज्यात विरघळवतात त्या आम्लाच्या निवडीत. नायट्रिक-हायड्रोक्लोरिकच्या मिश्रणाने सिलिकेट खनिजं पूर्ण फुटत नाहीत, त्यांच्या स्फटिकजाळीतले धातू आतच राहतात. त्यासाठी हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. जुने आकडे पहिल्या पद्धतीचे आणि नवे दुसऱ्या पद्धतीचे, अशी जोडी लावली की दोन दशकांत निकेल, क्रोमियम वाढल्याचा आलेख आपोआप तयार होतो आणि खाडीत काहीच बदललेलं नसतं.

पण नुसतं एकूण प्रमाण कळून तिवरांतल्या निवट्यांना किंवा कालवांना किती धोका आहे, ते समजत नाही. काळ्या, कुजक्या वासाच्या गाळात जस्त, शिसं, कॅडमियम सल्फाइडच्या रूपात बांधलेलं असतं. तोच गाळ उपसून काठावर टाकला की हवा लागून सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं, आणि पहिल्या पावसात धातू सुटून पुन्हा पाण्यात उतरू शकतात.