चेताजाल, कृत्रिम

मेंदूतील चेतापेशींच्या जोडणीवरून सुचलेली गणनपद्धती. व्यवहारात ‘न्यूरल नेटवर्क’ हाच शब्द रूढ आहे. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. कृत्रिम पेशी म्हणजे मात्र सोपे गणित: येणाऱ्या आकड्यांना वजने (कोणत्या आकड्याला किती महत्त्व, ते ठरवणारे गुणक) लावून बेरीज करायची आणि त्या बेरजेवरून पुढे काय पाठवायचे ते ठरवायचे.

उगम सामान्यतः मॅकलक व पिट्स यांच्या १९४३ च्या लेखापासून धरतात. एकत्र चेतणाऱ्या पेशींमधील दुवा बळकट होतो, ही डॉनल्ड हेब यांची मांडणी १९४९ ची. रोझेनब्लाट यांचे परसेप्ट्रॉन, म्हणजे उदाहरणांवरून वजने शिकणारे साधे जाल, १९५८ च्या सुमारास आले. जालात पेशी एकापुढे एक थरांत रचलेल्या असतात; उत्तरातली चूक मागच्या थरांकडे वाटून वजने सुधारण्याच्या पद्धतीचे श्रेय वादग्रस्त आहे. अनेक ठिकाणी रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांचा १९८६ चा लेख सांगतात. परंतु तिचे गणित लिन्नाइनमा यांच्या १९७० च्या प्रबंधात आढळते व वेर्बोस यांनी १९७४ मध्ये शिकण्याच्या संदर्भात ती मांडली. १९८६ च्या लेखाने ती रुजवली, एवढेच म्हणणे रास्त. मेंदूत अशी उलटी वाट दिसत नाही, हा डीएनएच्या रचनेचे सहशोधक फ्रान्सिस क्रिक यांचा १९८९ चा आक्षेप अद्याप पुरता निकाली निघालेला नाही. मेंदूकडून थेट उसनवारी अधिक स्पष्ट दिसते ती दृष्टीच्या बाबतीत: ह्यूबेल व वीझेल यांचे मांजरांच्या मेंदूतील दृष्टीच्या पेशींवरील प्रयोग आणि त्यांवर आधारलेले फुकुशिमा यांचे आकृत्या ओळखणारे जाल निओकॉग्निट्रॉन, १९८०.

बोधनाची (मन कसे शिकते व जाणते याची) प्रतिमाने म्हणून या जालांची मर्यादा दुभाषी प्रदेशात नीट कळते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे मराठी घरातले मूल शाळेत कन्नड शिकते. कन्नडची गोल वळणे हाताला आली म्हणून देवनागरीची शिरोरेघ विसरत नाही. जाल विसरते. मॅक्लोस्की व कोहेन यांनी १९८९ मध्ये जालाला आधी एकाच्या बेरजा (एक अधिक तीन अशा) शिकवल्या, मग दोनाच्या. पहिल्या जवळजवळ पुसल्या गेल्या. मॅक्लेलंड व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये सुचवलेले स्पष्टीकरण असे, की मेंदूतील अश्वमीन (हिप्पोकॅम्पस) हा भाग नवे चटकन टिपतो आणि बाह्यक (कॉर्टेक्स, मेंदूचे बाहेरचे आवरण) ते जुन्यात मिसळून सावकाश मुरवते. म्हणून जालालाही कन्नड अक्षरे शिकवताना देवनागरीचे नमुने मधूनमधून दाखवावे लागतात. अर्थात तुलना पुरती न्याय्य नाही. घरी मराठी वर्तमानपत्र आणि बाजारात कन्नड पाटी असल्याने त्या मुलाला ही उजळणी रोज आपसूक मिळते.