स्वॉम्प

स्वॉम्प : वृक्षाच्छादित पाणथळ जमिनीसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. मराठीत त्याचे भाषांतर बहुधा ‘दलदल’ असे होते. पण दलदल म्हटले की पाय रुतणारा चिखल डोळ्यांसमोर येतो, झाडे येत नाहीत, आणि परिस्थितिविज्ञानात तर झाडे हाच स्वॉम्पचा मुख्य निकष आहे. गवत व लव्हाळे यांनी व्यापलेली पाणथळ जमीन ती मार्श, तर पावसाच्या पाण्यावर पोसणारी, शेवाळाचे थर साचत गेलेली आम्लधर्मी जमीन ती बॉग.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. परंपरागत मतानुसार त्याचा संबंध मध्ययुगीन डच ‘सोम्प’ व जर्मन ‘झुम्प्फ’ या दलदलवाचक शब्दांशी जोडला जातो. दुसऱ्या मतानुसार, स्पंज किंवा अळंबी या अर्थाच्या प्राचीन नॉर्स (स्कँडिनेव्हियाची जुनी भाषा) शब्दाचा एखादा सजातीय शब्द इंग्लंडच्या बोलींत टिकून राहिला असावा. ‘स्व’ हा आद्य जोडध्वनी दुसऱ्या मताने अधिक सहज उलगडतो, म्हणून ते अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोन्ही शब्दकुळे मुळात एकच असण्याचीही शक्यता आहे. शब्दाचा ठळक वापर कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज वसाहतकाराच्या, अमेरिकेतील व्हर्जिनिया वसाहतीविषयीच्या इतिहासग्रंथात (१६२४) आढळतो. हा शब्द वसाहतीतच घडला असे यावरून मानू नये; इंग्लंडमधील त्याच्या खुणा सु. १५०० पर्यंत मागे नेल्या जातात.

अमेरिकेत हा शब्द ग्रेट डिस्मल, ओकेफेनोकी अशा विस्तीर्ण प्रदेशांच्या नावांत स्थिरावला. तेथील १८४९ व १८५० च्या स्वॉम्प लँड कायद्यांत मात्र त्याला निराळाच अर्थ मिळाला : ओलीमुळे लागवडीस निरुपयोगी, म्हणून निचरा करून सुधारण्याजोगी जमीन. या अर्थाने पाणथळ वनांचे फार नुकसान केले. होडी पाण्याने भरून बुडणे आणि त्यावरून कामाखाली दबून जाणे, हे ‘स्वॉम्प’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ १८ व्या शतकापासून पुढचे आहेत.

भारतीय प्रयोगांत काटेकोरपणा कमी दिसतो. बारशिंग्याला इंग्रजीत ‘स्वॉम्प डिअर’ म्हणतात, पण तो ओलसर गवताळ प्रदेशातला प्राणी. कान्हा येथील उपजाती तर टणक जमिनीवर वावरते. याउलट ‘मायरिस्टिका स्वॉम्प’ ही संज्ञा शास्त्रीय अर्थाला धरून आहे. पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या मंद ओहोळांकाठी जायफळाच्या कुळातील वृक्षांची ही वने असतात. चिखलात हवा मिळावी म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. केरळ व कर्नाटकाखेरीज गोव्यात सत्तरी तालुक्यातील बांबर येथे आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्गातील हेवाळे-बांबर्डे परिसरात अशी वने आहेत. बांबर येथील वन देवराई म्हणून राखले गेले असून ‘निरंकाराची राई’ या नावाने ओळखले जाते.