सतरंजीपुरा ते धरमपेठ : टाळेबंदीच्या ताणाची पार्श्वभूमी

नागपूर बंद झालं ते देशाच्या आधी. ११ मार्च २०२०ला शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला आणि २० मार्चला मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवडसोबत नागपूरही बंद ठेवायची घोषणा झाली. देशाची टाळेबंदी २५ मार्चची.

याला आधार होता १८९७च्या साथरोग कायद्याचा. तो मुंबईतल्या प्लेगच्या काळात झाला. रोगी वेगळा काढा, येणारा-जाणारा तपासा, एवढंच त्याला ठाऊक. कोंडलेल्या माणसाच्या मनाचं काय, हे नीट विचारलं गेलं फार उशिरा, २००३च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीनंतर. टोरांटोत विलगीकरणात राहिलेल्या १२९ जणांची पाहणी झाली, त्यांतल्या सुमारे ३१ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं दिसली. मुक्काम लांबला तसा त्रासही वाढलेला.

नागपुरात 'घरीच थांबा' याचा अर्थ पत्त्यागणिक बदलला. धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये पगार चालू होता. तिथं खायला उठायचं ते एकटेपण, परदेशातल्या मुलांची काळजी आणि टीव्हीवरचे आकडे. सतरंजीपुरा, मोमिनपुऱ्यात गल्ल्यांची तोंडं बंद केलेली, शेकडो माणसं विलगीकरण केंद्रांत नेलेली. एका खोलीत सहा जण असले की एकटेपण नसतं, पण घडीभर एकट्यानं बसायची सोयही नसते. वर वस्तीच्या नावालाच संशय चिकटला. रोजीनं जाणाऱ्याला रोगापेक्षा रोजी बुडाल्याचा घोर. धुणीभांडी करणाऱ्या बाईचं तर बाहेरचं काम सुटलं आणि घरातलं दुप्पट झालं.

त्या वर्षी पोळ्याच्या पाडव्याला मारबतीची, म्हणजे गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, नेहमीची मिरवणूकही निघाली नाही. 'रोगराई घेऊन जा गे मारबत' असं गावानं मिळून ओरडायचं, तर नेमकं रोगराईच्याच वर्षी तोंड बंद!

इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या २०२०च्या ऑनलाइन पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांत चिंता किंवा नैराश्य आढळलं. पण असा फॉर्म भरतो कोण? ज्याच्याकडे फोन, नेट आणि उसंत आहे तो. बाकीच्यांचा माग गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत लागतो: देशातल्या आत्महत्यांत रोजंदारांचा वाटा २०१९ला २३.४ टक्के, २०२१ला २५.६. सगळं टाळेबंदीच्या माथी मारता येणार नाही; हा वाटा आधीपासूनच चढत होता.

मदत गावातच होती म्हणा. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४पासून उभं आहे. पण जवळच्या चौकाला लोक सर्रास पागलखाना चौक म्हणतात. झोप येत नाही, एवढ्यासाठी तिथली पायरी कोण चढणार?

१५ मार्च २०२१ला नागपूर पुन्हा आठवडाभर बंद झालं. घरबसल्या मनातलं बोलता यावं म्हणून केंद्र सरकारची 'टेलिमानस' सेवा, १४४१६ हा नंबर, सुरू झाली १० ऑक्टोबर २०२२ला. तोवर गल्ल्या केव्हाच मोकळ्या झाल्या होत्या.