ढाळ नसलेलं शहर

बाथरूमची फरशी बसवताना गवंड्याला पहिलं विचारायचं ते हे, की बाबा ढाळ नीट काढलास ना. आमच्याकडे एकदा तो चुकला, जाळीकडे जायचं पाणी दाराकडे यायला लागलं आणि शेवटी सगळी फरशी उखडावी लागली. पाच बाय चारच्या बाथरूमची ही तऱ्हा. आता अख्ख्या शहराच्या जमिनीलाच ढाळ नाही असं समजा, आणि वर ते शहर दर दहा वर्षांनी दुप्पट-तिप्पट होतंय. ते शहर म्हणजे शिकागो.

१८४० च्या जनगणनेत तिथे ४,४७० माणसं होती, म्हणजे आपल्याकडचं एक मोठं खेडं. १८५० ला झाली ३० हजार, १८६० ला १ लाख १२ हजार, १८७० ला जवळपास ३ लाख, १८८० ला ५ लाख आणि १८९० ला ११ लाख! (शेवटच्या आकड्यात थोडी मखलाशी आहे, १८८९ मध्ये आजूबाजूची मोठमोठी टाउनशिप्स शहरात सामील करून घेतली होती, पण तरीही वाढ प्रचंडच.) हे लोक काही तिथेच जन्मून वाढलेले नव्हते. १८९० ला शिकागोतली दहातली चार माणसं परदेशात जन्मलेली होती, जर्मन, आयरिश, पोलिश, स्वीडिश, बोहेमियन, कोण नाही ते.

एवढे लोक इथेच का आले? तर जागा मोक्याची. एका बाजूला मिशिगन सरोवर, दुसरीकडे मैलोन्मैल काळीभोर सुपीक जमीन, आणि १८४८ साली सगळं एकदमच जुळून आलं. त्या वर्षी कालवा सुरू होऊन सरोवर मिसिसिपीच्या खोऱ्याला जोडलं गेलं, पहिली रेल्वे धावली आणि पुढे वायदेबाजार म्हणून गाजलेला धान्याचा बाजारही त्याच वर्षी उभा राहिला. पुढे १८६५ च्या नाताळच्या दिवशी युनियन स्टॉक यार्ड नावाचा जनावरांचा अवाढव्य बाजार उघडला. मग बर्फाचे डबे लावलेल्या रेल्वे वाघिणी आल्या, त्यामुळे जिवंत जनावरं पूर्वेला पाठवायची गरज राहिली नाही, इथेच कापायची आणि नुसतं मांस पाठवायचं. धंद्याला झकास. पण रक्त, शेण, आतडी वगैरे जे गाडीत चढत नाही ते शिकागोतच राहणार ना! ते शिकागो नदीच्या एका फाट्यात जायचं, आणि तळाशी कुजून त्याचा गॅस इतका वर यायचा की त्या फाट्याला नावच पडलं बबली क्रीक, म्हणजे बुडबुड्यांचा ओढा.

आता मूळ भानगड. शिकागो हा जुन्या हिमनदीच्या सरोवराचा तळ आहे, खाली घट्ट चिकणमाती, वर सपाट जमीन, आणि ती सरोवराच्या पाण्यापेक्षा जेमतेम काही फूट उंच. चिकणमातीतून पाणी मुरत नाही, सपाट असल्यामुळे वाहतही नाही, मग ते तिथेच बसून राहतं. गटाराचं शास्त्र तसं सोपं आहे, पाइपमधलं पाणी सेकंदाला साधारण दोन फूट वेगाने तरी वाहिलं पाहिजे, त्याच्या खाली वेग गेला की मैला तळाशी बसतो आणि लाइन तुंबते. वेग हवा तर ढाळ हवा, ढाळ हवा तर पाइप एका टोकाला खोल न्यायला हवा, आणि इथे खोल गेलं की तो नदीच्या पातळीखालीच जाणार. झालं, अडकलात!

१८५४ ला कॉलऱ्याने शहरातली चौदाशेहून जास्त माणसं नेली. गंमत बघा, त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा डॉक्टर सांगत होता की कॉलरा पाण्यातून पसरतो, पण ऐकतंय कोण. शिकागोत काय किंवा लंडनमध्ये काय, बहुतेकांचं मत एकच, रोग येतो तो घाण वासातून. वास घालवायचा तर गटारं हवीत, म्हणून बॉस्टनहून एलिस चेसब्रो नावाचा इंजिनिअर बोलावला. कारण चुकीचं पण काम बरोबर, असं विज्ञानात बरेचदा होतं.

चेसब्रोचं डोकं बघा. खाली जाता येत नाही ना, मग शहरच वर घ्या. त्याने गटारं रस्त्याच्या वर टाकली, हवा तेवढा ढाळ दिला, त्यावर माती लोटली आणि त्यावर नवा रस्ता केला. पण मग घरांचं काय, त्यांचा तळमजला झाला तळघर. लाकडी घरं लोकांनी सरळ ओंडक्यांवर ठेवून दुसरीकडे ढकलत नेली, आणि विटांच्या इमारती जॅक लावून उचलल्या. १८५८ मध्ये पहिली चार मजली विटांची इमारत २०० स्क्रू जॅकवर सहा फुटांहून जास्त वर चढवली. १८६० मध्ये लेक स्ट्रीटवरची ३२० फूट लांबीची दुकानांची अख्खी रांग ६,००० जॅक आणि ६०० माणसं लावून पाचेक दिवसांत ४ फूट ८ इंच उचलली. युक्ती साधीच आहे, स्क्रूला लांब दांडा लावून फिरवला की थोड्या जोराने प्रचंड वजन उचललं जातं, फक्त सरकतं अगदी केसभर. अवघड भाग पुढेच, सगळ्यांनी एकाच वेळी सारखंच फिरवायचं, नाहीतर भिंतीला तडा. ट्रेमाँट हाउस नावाचं सहा मजली हॉटेल तर आत पाहुणे राहत असताना वर गेलं. हे उचलायचं काम करणाऱ्यांत जॉर्ज पुलमन नावाचा तरुण होता, पुढे रेल्वेच्या स्लीपर डब्यांमुळे गाजला तोच.

शहर कोरडं झालं, पण गटारं जायची नदीत, नदी जायची सरोवरात आणि पिण्याचं पाणी त्याच सरोवरातलं. म्हणजे आगीतून फुफाट्यात. यावर चेसब्रोने सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खणून लांबचं स्वच्छ पाणी आणायचं ठरवलं, १८६४ ला सुरू, १८६७ ला चालू. इथे तीच नालायक चिकणमाती कामाला आली, कारण तिच्यातून पाणी झिरपत नाही, त्यामुळे सरोवराखाली बोगदा खणणं जमलं. पण शहर वाढतच होतं, घाणही दोन मैल गाठायला लागली. १८७१ मध्ये १८४८ चा जुना कालवा खोल करून नदी उलटी, सरोवराऐवजी मिसिसिपीकडे, वळवायचा प्रयत्न झाला, तो काही काळ चालला, पण मोठा पाऊस झाला की सगळं पुन्हा सरोवरात. (१८८५ च्या पावसानंतर ९० हजार माणसं कॉलऱ्याने गेली असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. थाप आहे. शहराच्या नोंदीत अशी साथच नाही, आणि दर सात-आठ माणसांतला एक मेला असता तर ते लपून राहिलं असतं का?)

टायफॉइड मात्र खरा होता, १८९१ ला तर त्याने दर लाखामागे १७० हून जास्त माणसं नेली. दोनच वर्षांनी तिथे जागतिक प्रदर्शन होतं, त्याच वेळी भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले ते आपल्याला शाळेपासून पाठ, पण त्या प्रदर्शनासाठी शेजारच्या विस्कॉन्सिनमधून झऱ्याचं पाणी पाइपलाइनने आणून पेल्यावर विकलं जात होतं हे कुणी सांगत नाही.

मग शेवटी मोठा घाव घातला. सरोवर आणि मिसिसिपी या दोन खोऱ्यांच्या मधला उंचवटा शिकागोजवळ अगदीच बुटका आहे, तो कापून २८ मैलांचा कालवा खणला आणि नदीचं तोंडच फिरवलं. २ जानेवारी १९०० ला ना समारंभ ना भाषण, गुपचूप पाणी सोडलं, कारण खालच्या बाजूचं मिसूरी राज्य कोर्टात जाऊन स्टे आणेल ही धास्ती. मिसूरी गेलंच कोर्टात. म्हणणं असं की तुमचा मैला आमच्या सेंट लुईसच्या नळात येतोय. हे सिद्ध कसं करायचं? तर एका निरुपद्रवी जिवाणूची १०७ पिंपं कालव्यात ओतली, आणि साधारण महिन्याभराने ३५७ मैल खाली सेंट लुईसच्या पाण्यात त्यातले काही सापडलेसुद्धा. तरी १९०६ मध्ये सुप्रीम कोर्टाने दावा फेटाळला, टायफॉइडचा जंतू एवढा प्रवास करून जिवंत पोचतो हे पटण्यासारखं नाही, आणि मिसूरीची स्वतःची गावंही नदीत तेच सोडतायत की.

कालवा आजही वाहतो. पण दोन खोरी जोडली की नुसतं पाणी जात नाही. सिल्व्हर कार्प नावाचा आशियाई मासा, आपल्याकडे शेततळ्यात सोडतात तो चंदेरा, अमेरिकेत मत्स्यशेतीसाठी आणला, तो तिथून निसटून मिसिसिपीत शिरला आणि याच वाटेने सरोवराच्या दिशेने चढायला लागला. तो पलीकडे जाऊ नये म्हणून २००२ पासून शिकागोच्या पुढे, प्रवाहाच्या खालच्या बाजूला, या कालव्याच्या पाण्यात विजेचा करंट सोडून ठेवलाय, रात्रंदिवस.