दंतमुकुट, दंतसेतू व व्हिनियर : बसवल्यानंतरची निगा

फुटलेल्या, झिजलेल्या किंवा रूट कॅनाल केलेल्या दातावर चढवलेले पूर्ण आवरण म्हणजे दंतमुकुट. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या दातांचा आधार घेऊन मधली जागा भरणारी जोडरचना म्हणजे दंतसेतू, तर पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूवर चिकटवलेला सिरॅमिक वा रेझिनचा पातळ पापुद्रा म्हणजे व्हिनियर. पुण्यातील दवाखान्यांत ‘कॅप’ आणि ‘ब्रिज’ हेच शब्द रूढ आहेत. मुकुट आणि सेतू परिभाषाकोशाबाहेर क्वचितच ऐकू येतात.

प्राचीनत्व : जोडदातांचा सर्वांत जुना पुरावा म्हणून गिझा येथे १९१४ मध्ये पुरातत्त्वज्ञ हेर्मान युंकर यांना मिळालेल्या, सोन्याच्या तारेने बांधलेल्या दोन दाढांचा उल्लेख होतो. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. पू. सु. २५०० मानतात. मात्र ही जोडणी जिवंत माणसाच्या तोंडात वापरली गेली होती, की मृत्यूनंतर केली गेली, की तो केवळ ताईत होता, यावर मतभेद आहेत. दाढा जबड्यात न सापडता सुट्या मिळाल्या, हे पाहता पहिले मत दुबळे वाटते. सिडॉन (आजच्या लेबनॉनमधील बंदर) येथील प्राचीन फिनिशियन लोकांच्या जबड्यांचा दावा अधिक भक्कम आहे. तेथे सैल दात सोन्याच्या तारेने शेजारच्या दातांना बांधलेले आहेत. प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या, दातांवरील सोन्याच्या पट्ट्या साधारण इ. स. पू. सातव्या शतकापासूनच्या मानल्या जातात. त्यांना सर्रास ‘पहिले ब्रिज’ म्हटले जाते; परंतु त्या बहुधा स्त्रियांच्या पुढच्या दातांवर आढळतात. त्यामुळे चावण्याच्या सोयीपेक्षा मिरवण्याचा हेतू त्यांत अधिक असावा, हे मत ग्राह्य वाटते. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने उत्खनन केलेल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीतील दातांचाही तपशीलवार अभ्यास झाला आहे, पण तो कीड आणि झीज यांचा.

आधुनिक तंत्र : अमेरिकन दंतवैद्य चार्ल्स लँड यांनी १८८९ मध्ये पोर्सेलिनच्या मुकुटाचे एकस्व (पेटंट) घेतले. दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनी १९२० च्या दशकाअखेरीस हॉलीवूडच्या नटनट्यांसाठी तात्पुरते पापुद्रे बनवले. चित्रीकरण संपले की ते काढून ठेवत. दंतवैद्य मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये आम्लाने एनॅमल (दाताचे कठीण बाह्य आवरण) खरखरीत करून त्यावर रेझिन चिकटवण्याची रीत मांडली आणि त्यातूनच व्हिनियर कायमस्वरूपी बसवण्याची वाट मोकळी झाली.

निगा : कॅपला कीड लागत नाही, म्हणून तिची काळजी नको, हा समज चुकीचा आहे. कीड लागते ती कॅपची कड जिथे संपते तिथल्या खऱ्या दाताला, आणि आत नस नसेल तर दुखतही नाही. म्हणून मऊ ब्रश हिरडीच्या रेषेवर तिरका धरून फिरवावा. खरखरीत दंतमंजन, कोळशाची पूड आणि मिशरी टाळावी. ब्रिजमधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो. त्याखालून साधा फ्लॉस (दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा) जात नाही. त्यासाठी ताठ टोकाचा सुपरफ्लॉस किंवा दातांच्या फटीत जाणारा बारीक ब्रश लागतो. तात्पुरती कॅप असताना फ्लॉस वर ओढू नये, बाजूने सरकवून काढावा.

भूल उतरेपर्यंत खाऊ नये, कारण ओठ वा गाल चावला तरी कळत नाही. कॅप चिकटवण्याचे ग्लास आयोनोमर सिमेंट पक्के व्हायला सुमारे २४ तास लागतात, तोवर लोणावळ्याची चिक्की आणि चिकट मिठाई लांब ठेवलेली बरी. तात्पुरत्या कॅपसाठी तर हे पथ्य शेवटपर्यंत. ऊस पुढच्या दातांनी सोलणे, बोराची आठळी वा अख्खी सुपारी फोडणे व्हिनियरवाल्यांनी कायमचे सोडावे. मिसळीच्या हळदीने चकचकीत सिरॅमिक सहसा डागत नाही. तात्पुरती ॲक्रिलिक कॅप मात्र पिवळी पडते. थंड-गरम काही दिवस झोंबणे स्वाभाविक आहे. दात मिटताना नवी कॅप आधी टेकत असेल, तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये. दवाखान्यात पाच मिनिटांत ती घासून बेताची करता येते. झोपेत दात खाणाऱ्याला नाइट गार्ड (रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरण) लागतो.

झिर्कोनियाच्या (एक मजबूत सिरॅमिक) कॅपसोबत ती बनवणाऱ्या प्रयोगशाळेचे वॉरंटी कार्ड बहुधा मिळते. ते कॅपचे असते, आतल्या दाताचे नव्हे.

कॅप निघाली तर ती डबीत ठेवून दंतवैद्याकडे न्यावी, घरातल्या गोंदाने चिकटवू नये. ब्रिज एका टोकाला सुटतो तेव्हा दुसरे टोक त्याला धरून ठेवते, त्यामुळे महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही. त्या बाजूला वाईट चव किंवा वास येणे आणि दाबल्यावर कडेशी लाळेचे बुडबुडे दिसणे, ही त्याची लक्षणे होत.