मिक्स आणि अपमिक्स: मागच्या स्पीकरमधून नक्की काय येतं?

घरात पाच स्पीकर आणि सबवूफर लागतात, नवा रिसीव्हर, म्हणजे या सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा ॲम्प्लिफायर, सुरू होतो, फोनवरून ब्लूटूथने आवडतं गाणं लावलं जातं आणि मागूनही आवाज येऊ लागतो. सराउंड संगीताशी, म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या संगीताशी, बहुतेकांची पहिली भेट ही अशी होते, आणि पुष्कळांची शेवटचीही. मागून येणारं ते काहीतरी धूसर असतं, गायकाचा आवाज समोर आक्रसल्यासारखा वाटतो, आणि ‘सराउंड सिनेमासाठी ठीक, गाण्यांसाठी नाही’ असं मत कायमचं ठरून जातं. मला याचं फार वाईट वाटतं. कारण त्यांनी सराउंडमध्ये मिक्स केलेलं संगीत अजून ऐकलेलंच नसतं. ब्लूटूथवरून येतात दोनच चॅनल, म्हणजे आवाजाचे डावा आणि उजवा असे दोनच प्रवाह. बाकीचे तीन रिसीव्हरने स्वतः तयार केलेले असतात. याला अपमिक्स म्हणतात.

मिक्समध्ये निर्णय माणसाचा असतो. स्टुडिओत प्रत्येक गळा, प्रत्येक वाद्य शक्यतो वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित झालेलं असतं. पाच स्पीकरांच्या मधोमध बसून ध्वनितंत्रज्ञ ठरवतो की गिटार इथे, साथीचे गळे मागे, ड्रम समोर. डिस्कवर किंवा स्ट्रीममध्ये ते तसंच उतरतं. अपमिक्समध्ये मूळ ट्रॅक हाताशी नसतातच. रिसीव्हरमधली चिप डाव्या-उजव्या चॅनलची सतत तुलना करते. दोन्हीकडे जे सारखं आहे ते मधल्या स्पीकरला जातं, दोघांत जे जुळत नाही ते मागे. स्टिरिओ गाण्यात मुख्य गळा सहसा दोन्हीकडे समान असतो, म्हणून तो मध्ये येतो. घुमारा दोन्हीकडे वेगवेगळा असतो, म्हणून तो मागे सरकतो.

हे तत्त्व जुनं आहे. अमेरिकी ध्वनी-अभियंते डेव्हिड हॅफलर यांनी ते चिपशिवाय, नुसत्या तारांच्या जोडणीने दाखवलं होतं: मागचा स्पीकर ॲम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांमध्ये जोडायचा, की त्यातून फक्त दोघांतला फरक ऐकू येतो. जिम फॉसगेट यांच्या कामातून २००० साली डॉल्बी प्रो लॉजिक टू हे अपमिक्सचं तंत्र आलं आणि या तत्त्वाला खूप सफाई आली. पण मूळ विचार तोच राहिला. पडताळायचं असेल तर जुन्या नाट्यपदाची मोनो ध्वनिमुद्रिका लावून अपमिक्स सुरू करा. डावं-उजवं तंतोतंत सारखं असेल तर फरक शून्य. सगळं गाणं मधल्या स्पीकरमध्ये जमा होतं आणि मागे शांतता.

खऱ्या मिक्सचं मला सुचणारं सर्वांत चांगलं उदाहरण पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ सालच्या अल्बमचं आहे. यातल्या ‘टाइम’ गाण्याच्या आरंभी घड्याळांचा जो गजर होतो, ती घड्याळं अल्बमचे ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्स यांनी मुळात चार स्पीकरांच्या प्रात्यक्षिकासाठी मुद्रित केली होती. म्हणजे चहूबाजूंनी ऐकू येणं हे त्या आवाजांच्या जन्मातच होतं. पार्सन्स यांनी अल्बमचं चार चॅनलांचं मिक्स केलं. २००३ मध्ये ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्री यांचं ५.१ मिक्स, म्हणजे पाच स्पीकर आणि सबवूफरसाठीचं, एसएसीडी या खास दर्जाच्या डिस्कवर आलं. २०२३ मध्ये गथ्री यांनीच ॲटमॉस मिक्स केलं; ॲटमॉस म्हणजे डॉल्बीची वरूनही आवाज देणारी सराउंड पद्धत. यातलं एक मिक्स ऐका आणि लगेच तेच गाणं स्टिरिओवरून अपमिक्स करून ऐका. मिक्समध्ये एखादं घड्याळ तुमच्या मागे उजवीकडे ठामपणे वाजतं, बोट दाखवावं इतक्या नेमक्या जागी. अपमिक्समध्ये आवाज सभोवती पसरतो, पण कुठलं घड्याळ कुठल्या भिंतीवर टांगायचं हे चिपला माहीत नसतं. माहीत होण्याचा मार्गच नाही.

या दोघांच्या मधली एक जात आहे आणि गोंधळाचा मोठा भाग तिच्यातून आला. सत्तरच्या दशकात चार चॅनल रेकॉर्डच्या एकाच खाचेत बसवायचे होते. सीबीएसच्या एसक्यू आणि सान्सुईच्या क्यूएस पद्धतींनी चार चॅनल हेतुपुरस्सर दोनांत दुमडले आणि घरच्या डीकोडरने ते उलगडले. मिक्स माणसाचंच, पण उलगडताना चॅनल एकमेकांत मिसळत. जेव्हीसीच्या सीडी-४ पद्धतीत हे मिसळणं टळत असे, कारण मागच्या चॅनलांची माहिती कानाला ऐकू न येणाऱ्या ३० किलोहर्ट्झच्या लहरीवर स्वार केलेली असे. ती वाचायला शिबाता यांनी घडवलेली खास सुई लागली. परस्परांशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या या गर्दीत क्वाड्राफोनिकचा, म्हणजे चार चॅनलांच्या या ध्वनीचा, जीव दशक संपायच्या आतच गेला. ती मिक्सं मात्र टिकली, आणि त्यांतली कितीतरी नंतर डिस्कवर स्वच्छ स्वरूपात आली.

आज सीमारेषा आणखी पुसट झाली आहे. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’च्या मूळ टेपवर चारच ट्रॅक होते, एकेका ट्रॅकवर अनेक वाद्यं. २०२२ च्या आवृत्तीसाठी चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूच्या संगणकीय तंत्राने ती वेगळी केली गेली आणि मग निर्माते जाइल्स मार्टिन यांनी नवी मिक्सं केली, त्यात ॲटमॉसही. वाद्यं सुटी केली यंत्राने, पण कोणी कुठे बसायचं ते माणसाने कान लावून ठरवलं. माझ्या हिशेबी हे मिक्सच.

नावांनी तर फसगत ठरलेली. रिसीव्हरच्या पडद्यावर ‘डॉल्बी सराउंड’ दिसलं की वाटतं, हेच ते खरं सराउंड मिक्स. प्रत्यक्षात २०१४ पासून डॉल्बीच्या अपमिक्सरचंच ते नाव आहे. डीटीएस या दुसऱ्या कंपनीच्या अपमिक्सरचं नाव न्यूरल एक्स. ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ आणखी निराळं; तिथे तीच डावी-उजवी बाजू मागच्या स्पीकरांत पुन्हा वाजते. म्हणून मोडचं नाव सोडा आणि आत येणारा सिग्नल पाहा. बऱ्याच रिसीव्हरवर माहितीचं बटण दाबलं की ते दिसतं. आत फक्त डावा आणि उजवा असेल, तर मागचं सगळं अपमिक्स.

खऱ्या मिक्ससाठी आज सर्वांत सोपी वाट म्हणजे ॲटमॉस देणारी संगीतसेवा, टीव्हीला जोडायची स्ट्रीमिंगची पेटी आणि तिच्यापासून रिसीव्हरपर्यंत एचडीएमआय केबल. ॲपल म्युझिकवर २०२१ च्या जूनपासून ॲटमॉस आहे. स्ट्रीममध्ये आवाज आकुंचित केलेला असतो. ब्लू-रेवर तो सहसा कुठलाही तपशील न गाळता मिळतो, आणि मन लावून ऐकणाऱ्याला तो फरक जाणवतो. स्पीकरांची जागा मिक्सच्या बाबतीत जास्त महत्त्वाची ठरते. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला आणि मागचे स्पीकर छताजवळ, असं सर्रास असतं. अपमिक्सचं त्यात भागतं, कारण मागे बहुतेक घुमाराच असतो. मिक्समध्ये तिथे अख्खं वाद्य बसलेलं असू शकतं. आंतरराष्ट्रीय शिफारस मागच्या स्पीकरांसाठी समोरच्या मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांची आहे, म्हणजे कानांच्या रेषेच्या जरासं मागे. सोफा भिंतीपासून हातभर पुढे ओढला तरी खूप साधतं.

अपमिक्स टाकाऊ मात्र नाही. प्रेक्षकांसमोर मुद्रित केलेल्या स्टिरिओ मैफिलीला ते फार शोभतं. सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या दोन्ही चॅनलांत वेगवेगळ्या असतात, त्यामुळे त्या मागे आणि बाजूला जातात, आणि श्रोत्यांची दाद आपल्या आजूबाजूने उठल्यासारखी वाटते. ती तिथेच असायला हवी. खटकतात ते तंबोरे. ते डावी-उजवीकडे फार रुंद पसरून मुद्रित केले असतील, तर त्यांचा नाद माझ्या खोलीत थोडा पाठीमागेही येतो. तंबोरे गवयाच्या पाठीशी हवेत, माझ्या नव्हे. अशा वेळी मी आलापीपुरता स्टिरिओवर येतो.